माळवदाला दरवर्षी माती लागायची, स्लॅबला काय लागतं?

मे महिना अर्धा संपला. २५ तारखेच्या आसपास रोहिणी लागेल, ७-८ जूनला मृग निघेल. आणि पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजायला लागेल. "भाऊ, घरात पाणी शिरलं." "भाऊ, शाळेचा वर्ग गळतोय, बातमी लावा." तालुक्याच्या गावात पत्रकारिता करताना हे फोन ठरलेले असतात. बातमी लागते, फोटो छापून येतो, पाऊस उघडतो, आणि पुढच्या जूनपर्यंत सगळे विसरतात.

म्हणून यंदा पावसाच्या आधीच लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण सवडीने वाचा. शेवटी कामाच्या गोष्टी दिल्या आहेत.

आधी एक साधा प्रश्न. तुमच्या घराच्या स्लॅबवर तुम्ही शेवटचे कधी गेला होता? पापड वाळवायला, झोपायला किंवा टाकी भरली का बघायला नव्हे. फक्त स्लॅब बघायला. हा प्रश्न मी गेल्या आठवड्यात चौकात चहा पिताना आठ-दहा जणांना विचारला. सगळे हसले. एक जण म्हणाला, "स्लॅबकडं काय बघायचं? तो पडून राहतोय तिथंच."

इथंच सगळी गोम आहे.

सपाट छप्पर आपल्या भागाला नवीन नाही. स्लॅब येण्याच्या आधी मराठवाड्यात, सोलापूरकडे माळवदाची घरं होती. खानदेशात त्यालाच धाबं म्हणतात. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर लाकडाच्या फळ्या किंवा चिपा, वर पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. सगळ्यात वर पांढरी माती. ज्यांचं वय आज चाळिशीच्या पुढं आहे, त्यांना आठवत असेल. मृगाच्या आधी गावाबाहेरून पांढरी माती आणायची. माळवदावर उगवलेलं गवत उपटायचं. उंदरांनी-घुशींनी पाडलेली भोकं बुजवायची. माती पसरून चोपायची, उतार पन्हळीकडे आहे ना ते बघायचं. पेरणीची तयारी जशी, तशीच ही छपराची तयारी. कुणाला आठवण करून द्यावी लागत नव्हती. पावसात रात्री गळायला लागलं तर घरातला माणूस टोपलीभर माती घेऊन वर जायचा, गळती शोधून दाबून यायचा. गरीब असो की पाटील, वर चढणं कुणाला चुकलं नव्हतं.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत जे झालं ते आपल्या भागातल्या कुणाला सांगायची गरज नाही. हजारो माणसं गेली. भूकंपाने जमीन हलवली, पण माणसं मेली ती दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाखाली. दरवर्षी नवीन माती टाकायची पद्धत होती, जुनी काढायची नव्हती. वर्षानुवर्षांचे थर चढून काही घरांवर दोन-दोन फूट माती झाली होती. मातीत बसवलेल्या दगडी भिंतींवर एवढं ओझं. हादरा बसला आणि ओझं खाली आलं.

त्यानंतर ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं. आणि जिथं भूकंप पोचला नव्हता तिथल्या माणसांच्या मनातूनही माळवद उतरलं. कुणी पत्रे टाकले, ज्याला जमलं त्याने स्लॅब टाकला. सोयरीक जमवताना "स्लॅबचं घर आहे" हे वाक्य तेव्हापासून वजनदार झालं. ते बरोबरच होतं. नीट बांधलेलं आरसीसीचं घर माळवदापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, यात वाद नाही.

पण या बदलात आपल्या हातून एक चांगली सवय सुटली आणि एक वाईट सवय राहिली. दरवर्षी पावसाआधी वर जायची सवय सुटली. आणि थरावर थर चढवायची सवय राहिली. कशी, ते पुढे सांगतो.

आमच्याकडे एक जुने मिस्त्री आहेत. तीस वर्षं स्लॅब टाकतायत. त्यांना विचारलं, "मिस्त्री, स्लॅब गळतो कशानं?" ते म्हणाले, "भाऊ, निम्मा तर टाकायच्या दिवशीच गळतो. फकस्त कळतं तीन वर्षांनी."

त्यांचं म्हणणं असं. स्लॅबचा दिवस म्हणजे घरचं कार्यच. नारळ फुटतो, पाहुणे येतात, मजुरांना जेवण असतं. मिक्सर सुरू झाला की माल पातळ पाहिजे असा घोषा सुरू होतो, कारण पातळ माल लवकर सरकतो आणि काम दुपारपर्यंत आटोपतं. पाण्याची जास्तीची प्रत्येक बादली स्लॅबची ताकद कमी करते. ते पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं. पुढे पावसाचं पाणी त्याच वाटेने खाली येतं. सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवायचे असतात, म्हणजे सळईच्या खाली किमान २० मिलिमीटर काँक्रीट राहतं. घाईत दगडाचा तुकडा नाहीतर खडी सरकवली जाते, आणि माणसं चालली की सळई खाली सेंट्रिंगच्या प्लेटला टेकते. व्हायब्रेटर असला तरी कोपऱ्यात नेला जात नाही.

मग येतं पाणी मारणं. आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगतं की साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि कोरड्या, गरम हवेत किमान १० दिवस ओलावा पाहिजे. आज दुकानात मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसी असतं, पोत्यावर बघा. त्याला किमान १० दिवस, आणि १४ दिवस दिले तर उत्तम. आपल्याकडे बांधकामं निघतात फेब्रुवारी ते मे, म्हणजे ऊन आणि पाणीटंचाई एकत्र. पहिले तीन दिवस वाफे करून पाणी भरतात. चौथ्या दिवशी नळ येत नाही, टँकरला पैसे पडतात, आणि मालक म्हणतो, "झालं की आता घट्ट." वरून घट्ट दिसतं. आत तो अजून कच्चा असतो. टेकू काढायचीही तीच घाई. साधारण पंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याला टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्याला १४ दिवस ठेवायचे असतात, पीपीसी असेल तर त्याहून जास्त. पण सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात.

मिस्त्री म्हणाले, "पाणी मारायला मालक विसरतो, प्लेटा काढायला सेंट्रिंगवाला येतो, अन् गळलं की शिव्या मिस्त्रीला."

आता उताराचं बघा. सपाट छप्पर म्हणजे सपाट नसतंच. दहा फुटांना किमान सव्वा इंच उतार पाहिजे, तरच पाणी पाइपकडे जातं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे ९,३०० लिटर पाणी पडतं. दुष्काळात आपण ज्याची वाट बघत बसतो तो जवळजवळ पूर्ण टँकर, एका रात्रीत, डोक्यावर. त्याला जायला बऱ्याच घरांवर एकच दोन इंची पाइप असतो, आणि त्याच्या तोंडाशी लिंबाचा पाला, पतंग आणि कॅरीबॅग. हजार फुटांच्या गच्चीला चार इंची दोन-तीन पाइप तरी हवेत.

पाणी जिथून आत शिरतं त्या जागा ठरलेल्या आहेत. पाइपचं तोंड. कठडा आणि स्लॅबचा सांधा, तिथं वाटा म्हणजे गोलाई केलेली नसते. टाकीखालचे विटांचे ठोकळे. डिशच्या स्टँडसाठी मारलेली भोकं. आणि आपल्या गावांचा खास नमुना म्हणजे पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या कॉलमच्या सळया. पोरगा कमावता झाला की वर बांधू, या आशेवर त्या दहा-पंधरा वर्षं आभाळाकडे बघत उभ्या असतात. गंज वरून धरतो आणि सळईच्या कडेने पाणी कॉलममध्ये उतरतं. ज्या सळयांवर पुढचा मजला बांधायचा, त्याच आधी खराब होतात. सिमेंटचा पातळ घोळ लावून त्यावर कच्च्या मालाचं आवरण केलं तरी त्या वाचतात. खर्च अगदी किरकोळ आहे.

यात आता सोलरची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅट आणि त्यापुढच्या संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. योजना चांगली आहे, जरूर घ्या. पण स्टँड बसवायला येणारी पोरं ड्रिल घेऊन येतात. चार-सहा पाय, प्रत्येकाला चार भोकं. खाली वॉटरप्रूफिंग आहे का, हे कुणी विचारत नाही. बसवणाऱ्याला आधीच सांगा की स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यावर स्टँड पाहिजे. भोक पाडलंच तर ते बुजवून देणं त्याच्या कामात लिहून घ्या. पॅनल २५ वर्षं टिकतील म्हणतात. त्याखालचा स्लॅब तोवर टिकायला हवा ना?

गळती म्हणजे फक्त डाग आणि बुरशी, असं समजू नका. पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो खालचं काँक्रीट ढकलतो. आधी छताला सळईच्या रेषेत चीर दिसते, मग फुगवटा, मग एक दिवस परातीएवढा तुकडा खाली येतो. आपण त्याला "पोपडा पडला" म्हणतो आणि वरून प्लास्टर करून रंग देतो. आतला गंज चालूच राहतो. शिवाय लाइटचे पाइप त्याच स्लॅबमधून गेलेले असतात. पंख्याच्या हुकातून पाणी टपकत असेल तर बादली ठेवण्याआधी मेन स्विच बंद करा.

आता ती वाईट सवय. गळायला लागलं की आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे कोबा. विटांचे तुकडे, सिमेंट, वरून घोटाई. नव्या स्लॅबवर उतार देऊन नीट केलेला कोबा चांगलाच असतो. पण पाच-सात वर्षांनी तो गळायला लागला की त्याच्यावरच दुसरा टाकतात. मग वरून शहाबादी फरशी. चार इंच कोब्याचं वजन चौरस फुटाला साधारण १८ किलो होतं. हजार फुटांना १८ टन. दुसरा थर टाकला तर आणखी १८ टन. भरलेले दोन ट्रक कायमचे घरावर उभे करावेत, तसं झालं हे. खाली सळया गंजलेल्या, वर ओझं वाढतंय. १९९३ ला आपण हेच मातीच्या रूपात बघितलं होतं. जुना थर काढल्याशिवाय नवा टाकू नका, आणि सळई उघडी पडली असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय वर एक पाटीही टाकू नका.

दुसरा उपाय म्हणजे बाजारातलं केमिकल. ब्रश घेऊन दोन हात मारायचे. ही केमिकलं कामाची असतात, पण धूळ, शेवाळ आणि सुटलेल्या पापुद्र्यावर मारली तर पहिल्या उन्हाळ्यात निघून येतात. घासून, धुऊन, पूर्ण वाळवून, चिरा भरून मगच मारायची. आणि तिसरा उपाय पत्र्याचं शेड. आपल्या गावात उंचावरून बघितलं तर निम्म्या स्लॅबवर पत्रे दिसतील. लाखो रुपयांच्या स्लॅबला पत्र्याची छत्री! पाऊस अडतो, पण गंजलेली सळई त्याने बरी होत नाही. वाऱ्यात पत्रे उडाले तर शेजाऱ्याच्या जिवाला घोर, तो वेगळाच.

इथवर घरमालकाचं झालं. ज्यांच्या हातात हे सगळं नाही त्यांचं काय?

मागच्या पावसाळ्यात एका वस्तीवर गेलो होतो. एक विधवा बाई, मजुरीला जाते, घरकुल मिळालेलं. तीन-चार वर्षांचं घर. एका कोपऱ्यात ताडपत्री बांधून खाली धान्याचं पोतं ठेवलं होतं. मी विचारलं, "मावशी, तक्रार केली का?" ती म्हणाली, "दादा, घर दिलं हेच लई झालं. आता गळतं म्हणून कुन्या तोंडानं जाऊ?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ ला आली तेव्हा सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरले. राज्याने अलीकडे त्यात भर घातली आहे. किमान २५ चौरस मीटरचं घर, म्हणजे २७० चौरस फुटांच्या आसपास. पैसे हप्त्याने येतात आणि पुढचा हप्ता कामाच्या फोटोवर असतो. त्यामुळे स्लॅब दिसला पाहिजे ही घाई. त्यावर दहा दिवस पाणी मारलं का, उतार दिला का, हे फोटोत दिसत नाही. घर पूर्ण झालं की फाइल बंद. पुढच्या देखभालीसाठी वेगळा हप्ता नाही. मजुरी बुडवून त्या मावशीने दहा दिवस स्लॅबला पाणी कुठून मारायचं? वस्तीवर प्यायलाच टँकर. घरकुलाच्या स्लॅबसाठी ग्रामपंचायतीने पाणी पुरवावं आणि ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याने उताराची सही करावी, एवढी मागणी ग्रामसभेत करता येते. तिला खर्च फारसा नाही.

शाळा, अंगणवाडी आणि दवाखान्याचं तेच. इमारतीचं उद्घाटन होतं, कोनशिला लागते, पण गच्चीवर जायला शिडीसुद्धा नसते. मग पाइपच्या तोंडातला पाला काढणार कोण? एका शाळेत गुरुजींनी पावसाळाभर बाकं एका बाजूला सरकवून दोन वर्ग एकत्र बसवलेले मी पाहिलेत. सरकारी बांधकामात ठेकेदारावर ठरावीक मुदतीची दोष दुरुस्तीची जबाबदारी असते. ही मुदत संपली की तो सुटतो, आणि गळतीचा अर्ज बहुतेक वेळा मुदत संपल्यावर जातो. आपल्या गावच्या शाळेची मुदत कधीपर्यंत आहे, हे माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. जूनच्या पहिल्या बैठकीत हा एक विषय घ्या.

आता आपल्या गावातही फ्लॅट झालेत, त्यांच्यासाठी. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरने कळवल्यापासून ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्ती करून द्यायची असते. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा ८ पर्यंत फ्लॅट असलेल्या प्रकल्पाला रेराची नोंदणी सक्तीची नाही, आणि छोट्या गावांतल्या बऱ्याच इमारती त्यातच बसतात. म्हणून गळतीची जबाबदारी करारातच लिहून घ्या. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला असतो. आणि सोसायटी असेल तर गच्ची सगळ्यांची आहे. वरच्या मजल्यावरचा एकटा भोगतोय म्हणून खर्च त्याच्या एकट्यावर टाकता येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याने होणारी गच्चीची गळती ही सोसायटीची जबाबदारी आहे.

आता या पंधरा दिवसांत करायची कामं:

१. गच्ची झाडा. पाइपची तोंडं मोकळी करा, त्यावर जाळी बसवा.
२. बादलीभर पाणी ओता आणि ते कुठं थांबतं ते खडूने गोल करा. अर्धा उपाय त्या गोलात आहे.
३. कठड्याचा सांधा, टाकीचे ठोकळे, डिशची भोकं बघा. बारीक चिरा आत्ताच भरा. पावसात ओल्या स्लॅबवर केलेलं काम टिकत नाही.
४. कठड्यावर आलेलं पिंपळाचं रोप मुळासकट काढा. वरून तोडलं तर पुन्हा फुटतं आणि भिंत फाडतं.
५. खाली येऊन छत बघा. काठीने ठोका. पोकळ आवाज आला, सळईच्या रेषेत चीर दिसली, तांबूस डाग दिसला तर त्याखालची खाट आजच सरकवा आणि जाणकार माणसाला बोलवा.
६. वॉटरप्रूफिंग करून घेत असाल तर शेवटचे पैसे देण्याआधी पाइप बंद करून ४८ तास पाणी साठवून बघा. हमी तोंडी नको, कागदावर घ्या.

यातल्या पहिल्या पाच कामांना एक रविवार पुरतो. आपल्या आजोबांनी याच दिवसांत टोपलीत माती घेऊन हेच केलं होतं.

तुमच्या गावात शाळा, अंगणवाडी, दवाखाना किंवा घरकुल गळत असेल तर गावाचं नाव आणि फोटो खाली टाका. यंदा ती यादी पाऊस पडायच्या आत पंचायत समितीत नेऊन देतो, आणि पोच घेऊन इथेच टाकतो.